चौथा स्क्रू

१

रोज सकाळी चहा झाला की मी बायकोचं ऐकतो. तिला जाऊन तीन वर्षं झाली. ती होती तेव्हा इतकं ऐकलं असतंत तर, असं पोरगी म्हणते. पोरीचं तोंड आईवर गेलंय.

मी शिकलो चौथीपर्यंत, तेही रडतखडत. कारखान्यात फिटर म्हणून छत्तीस वर्षं काढली. मशीन उघडायचं, दुखणं शोधायचं, बंद करायचं. बायको टायपिस्ट. आधी ऑफिसात होती, मग घरीच कॉम्प्युटर आणून लोकांचे कागद टाइप करून द्यायला लागली. दुपारी साडेतीनला ती कागद पोचवायला बाहेर पडायची आणि चारला मी पाळी संपवून यायचो. चिठ्ठी लिहून ठेवली तर मला वाचायला अर्धा तास. म्हणून ती कॉम्प्युटरच्या माइकमध्ये बोलून ठेवायची. मी आलो की बटण दाबायचो. घरात कुणी नाही, आणि तरी बायको बडबडतेय. कारखान्यात सांगितलं तर सगळे हसायचे.

असे चारशे बारा निरोप आहेत. प्रत्येकाची सुरुवात "अहो फिटर". त्यातला एक मी सगळ्यात जास्त ऐकलाय.

"अहो फिटर, निळा शर्ट धुवायला टाकलाय. खिशात सात स्क्रू होते, ते टेबलावरच्या डबीत ठेवलेत. मोजून घ्या, नाहीतर म्हणाल आठ होते. पोरगी शेजारी खेळतेय, तिला हाक मारा. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर आहे, तुमच्यापासूनच लपवलाय, पण आता सांगावं लागतंय. मी येते सहापर्यंत. कडी नीट लावा."

अडतीस सेकंद. यात प्रेमाचं काही नाही, मला ठाऊक आहे. पण "आठ होते" म्हणताना ती हसू दाबते. ते मला चारशे बारांत दुसरीकडे कुठे सापडलेलं नाही.

२

कॉम्प्युटर भरला. पोरगी रविवारी येते, तिने बघितलं आणि म्हणाली, "बाबा, जागा संपलीय. म्हणून तो एवढा रडतोय. यातलं निम्मं काढून टाका."

"काय काढू?"

"आईचे निरोप. सगळे कशाला हवेत? गॅस बंद करा, दूध आलंय, गॅस बंद करा. पाच-दहा चांगले ठेवा."

"तुझ्या लहानपणीचे फोटो काढतो. सगळ्यांत नाक वाहतंय."

ती रुसून गेली. मी सोमवारी दुकानात गेलो. कॉम्प्युटरचं दुकान एक बाई चालवते. पन्नाशीची आहे, कानामागे कायम स्क्रूड्रायव्हर. मला ती आवडते, कारण ती गिऱ्हाइकाला साहेब म्हणत नाही.

"काका, जुनी डिस्क राहू द्या," ती म्हणाली. "शेजारी दुसरी बसवा. नुसती साठवणीला. घराला माळा असतो ना, तसं. तुमच्या कॉम्प्युटरच्या डब्यात जागा आहे. दोन वायरी, चार स्क्रू. घरी येऊन लावून देऊ?"

"छत्तीस वर्षं मी काय गवत कापत होतो?"

"मग न्या. आणि चारही स्क्रू लावा. सैल राहिली तर थरथरते आणि मग काहीबाही वाचते."

३

दुपारी प्लग काढला, डबा आडवा केला, बाजूचा पत्रा सरकवला. आत बायकोने टाइप करता करता सांडलेला चुरा होता. बिस्किटांचाच. म्हणजे लपवून ठेवायची ती एकटी खायला. तीस वर्षांनी चोरी पकडली आणि जाब विचारायला समोर कोणी नाही.

घरात मी काही उघडलं की ती मागे येऊन उभी राहायची. मी स्क्रू काढायचो आणि न बघता हात मागे करून सोडायचो. तिचा तळवा तिथे असायचाच. शेवटी एकेक परत द्यायची, मोजत. तिच्यासारखा मदतनीस मला कारखान्यात मिळाला नाही.

नवी डिस्क खाचेत सरकवली. एक स्क्रू लावला, दुसरा लावला, तिसरा. चौथ्याचं भोक सरळ समोर येईना. डिस्क जागेवर धरायला दोन्ही हात हवे होते, म्हणून मी तो स्क्रू मागे नेला आणि सोडला.

सवय ती. सोडल्यावर लक्षात आलं. मनातल्या मनात स्वतःला एक शिवी हासडली आणि स्क्रू फरशीवर पडल्याचा आवाज यायची वाट बघितली.

आलाच नाही.

मी गुडघ्यांवर बसून शोधलं. खुर्चीखाली, कपाटाखाली, शर्टाच्या घडीत. चुंबक फिरवला. पिना मिळाल्या, पोरीच्या जुन्या बाहुलीची चप्पल मिळाली. स्क्रू नाही. म्हातारपणी कान जातात, म्हटलं, आणि तीन स्क्रूंवर डबा बंद केला.

४

नव्या डिस्कला नाव विचारलं, मी "माळा" लिहिलं. मग सगळे निरोप धरले. मला यादीतली अक्षरं नीट लागत नाहीत, मी चित्रांवरून जातो. एक चित्र दोन कागदांचं होतं, एक कात्रीचं. दोन कागद म्हणजे नक्कल. माझी बायको एकदाच झाली, तिची नक्कल मला नको होती. मशीनचा भाग इथून काढला की तिथे बसवायचा, दोन ठिकाणी एकच भाग कधी असतो का? मी कात्री दाबली. मग माळ्यावर जाऊन चिकटवलं. निळी पट्टी डावीकडून उजवीकडे गेली आणि झालं.

मंगळवारी सकाळी चहा घेऊन बसलो. निळा शर्ट. "कडी नीट लावा."

नंतर निरोप संपला नाही. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मग संपला.

खाली आकडा बघितला. आकडे मला चांगले वाचता येतात, आयुष्य आकड्यांत गेलंय. एक्केचाळीस सेकंद.

आता बघा, माणूस काय करतो. मी म्हटलं आधीपासून एक्केचाळीसच असतील. खुर्चीचा आवाज आधीपासून असेल, मीच हसू ऐकून पुढचं सोडून देत असेन. हजार वेळा ऐकलेल्या गोष्टीबद्दल माणूस स्वतःलाच खोटं पाडतो. मशीन खोटं बोलतंय म्हणण्यापेक्षा ते सोपं असतं.

५

बुधवारी दोन मिनिटं होती.

खुर्ची सरकली. मग चट, टक. चट, टक. मी कप खाली ठेवला. तिच्या डाव्या चपलेचा तळ सुटला होता तेव्हा मी त्यात पितळी स्क्रू मारून दिला होता. "चप्पल आहे की लेथ मशीन?" म्हणाली होती, पण वापरली मरेपर्यंत. उजवी चट वाजायची, डावी टक. घरात कुठे आहे ते मला न बघता कळायचं.

चट, टक दारापर्यंत गेलं. कागदांची पिशवी कुरकुरली. ती निघाली होती. त्या दिवशी ती गेलीच होती, मी आलो तेव्हा घर रिकामं होतं, मला आठवतंय.

पण दाराशी ती थांबली. मग म्हणाली, निरोपाच्या आवाजात नाही, स्वतःशी बोलावं तसं, "हा नळ कधीपासून गळतोय?"

आणि मागे थेंब ऐकू आला. टप. टप.

त्या वेळी आमचा नळ गळत नव्हता. फिटरच्या घरात नळ गळतो काय? तो गळायला लागला गेल्या वर्षी. मी त्याला हात लावला नाही, कारण तेवढीच घरात कशाची तरी सोबत.

मी उठून स्वयंपाकघरात गेलो. नळाच्या तोंडाशी थेंब जमला, लांब झाला, सुटला, भांड्यात पडला. पाणी हललं. आवाज आला नाही.

कान गेले म्हणावं तर बाहेर रस्त्यावर भंगारवाला ओरडत होता, ते लख्ख ऐकू येत होतं.

६

लोक म्हणतील, तेव्हाच वायर उपटायची होती. त्यांनी उपटावी. माझ्या बायकोचा आवाज नव्हे, तिची दुपार सुरू होती तिथे.

गुरुवारी वीस मिनिटं झाली होती. ती गेली नाही बाहेर. पिशवी खाली ठेवली, परत येऊन टाइप करायला बसली. पोरगी आत आली, सात वर्षांची, नाक ओढत. "आई, बाबा आले?" "अजून यायचेत. पाढे म्हण." पोरगी पाढे म्हणायला लागली. सातचा पाढा तिला कधी आला नाही, आजही येत नाही, एवढ्या मोठ्या ऑफिसात बसते तरी. सात सक पन्नास, म्हणाली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी काही रडणारा माणूस नाही.

टाइप करता करता बायको म्हणाली, "हे घड्याळ कुठलं गं टिकटिकतंय?"

मी भिंतीकडे बघितलं. पोरीने गेल्या वाढदिवसाला दिलेलं घड्याळ. काटा चालू होता. टिकटिक नव्हती.

तेव्हा मला समजलं, माझं घर तिकडे चाललंय. एकेक आवाज, एकेक नग. मी ते थांबवलं नाही. खरं सांगतो, मला वाटलं, जाऊ दे. इथे काय उरलंय ऐकण्यासारखं? आणि मला चार वाजलेले ऐकायचे होते. त्या दुपारचे. मला दारात माझी चाहूल ऐकायची होती. रिकाम्या घरात नाही, भरल्या घरात मी आलो असतो तर ती काय म्हणाली असती, एवढंच.

७

शुक्रवारी मला ठसका लागला. बिडीचा जुना खोकला आहे, एकदा लागला की छाती हलवून सोडतो. मी वाकून खोकत होतो आणि खोलीत काही वाजत नव्हतं. छाती हलतेय, घसा सोलतोय, आणि शांत.

स्पीकरमध्ये कुणीतरी खोकलं.

पाढे थांबले. टाइप करणं थांबलं.

"आई, बाबा?"

"नाही गं. कुणीतरी म्हातारा माणूस आहे." मग थोडं थांबून, आवाज खाली आणून, "तू माझ्याजवळ ये बघू."

ती घाबरली होती. माझी बायको मला घाबरली होती.

मी म्हणालो, "अगं, मी आहे." ओठ हलले. तिकडूनच आवाज आला, लांबून, बोळातून बोलावं तसा, "अगं, मी आहे." आणि पोरगी किंचाळली.

मी स्पीकर बंद केला.

८

शनिवारी दुकानात गेलो. वाटलं होतं बाहेर गेलं की आवाज येईल. बाई म्हणाली, "काय? घसा बसला वाटतं. लिहा." मी कागदावर मुंग्या काढल्या. ती वाचून म्हणाली, "कट केलंत? काका, कॉपी करतात. कट केलं की मूळ जागेवर काही राहत नाही." पुढे लिहिलं, एक स्क्रू हरवला. ती हसली. "हा घ्या दुसरा," म्हणून तिने डब्यातून एक काढून दिला. घरी आणून लावून बघितला. आटे जुळेनात.

पोरगी रविवारी येणार होती. ती बोलकी आहे. फोनवर बोलून माणसं खूश ठेवायची हेच तिचं काम, त्यावर तिचं घर चालतं. दारातून आत पाय टाकेपर्यंत तिची वीस वाक्यं होतात. ती या घरात बोलली तर ते बोलणं कुठे जाईल, हे मला दिसत होतं. मी तिला मोबाइलवर अक्षर अक्षर शोधून पाठवलं, "येऊ नको."

तिचं उत्तर आलं, "नेहमीचंच. दहाला येते. भाजी आणतेय."

म्हणजे निवड अशी होती. वायर काढली तर टायपिस्टबाई संपल्या. नाही काढली तर पोरगी.

मी रात्रभर झोपलो, हेही खरं सांगतो. कारण निवड अशी नव्हतीच, वायर काढायचीच होती. मला फक्त दहा वाजेपर्यंत ऐकायचं होतं.

९

रविवारी पत्रा उघडा ठेवून बसलो. डाव्या हाताची दोन बोटं वायरीवर. स्पीकर लावला. आत दोघी गप्प बसल्या होत्या. ऐकत होत्या. माझ्यासारख्याच.

दहाला पाच कमी असताना बेल वाजली. पोरीकडे किल्ली आहे, पण ती बेल वाजवतेच. घरात वाजली नाही. आत वाजली.

"बाबा आले!" लहान पोरगी ओरडली.

"तू बस," बायको म्हणाली. "मी बघते." आणि त्या आवाजात दाबलेलं हसू होतं. निळ्या शर्टातलं. चार वाजले होते तिकडे. तिला वाटलं मी आलो.

चट, टक. चट, टक. स्पीकरमधून निघालं, खरं. पण तीन-चार पावलांनंतर ते स्पीकरमध्ये नव्हतं. माझ्या पाठीमागून, खुर्ची आणि भिंत यांच्या मधल्या जागेतून गेलं. चार दिवसांत या घरात वाजलेला पहिला आवाज. मी मान वळवली नाही. फिटर माणूस, मशीनच्या चालू पट्ट्यावरून नजर काढायची नाही, हे अंगात मुरलेलं.

कडी निघाली. दार उघडलं.

"आई?" पोरगी म्हणाली. मोठी. माझी.

हे मात्र मला स्पीकरमधून ऐकू आलं.

मी वायर ओढली.

दिवा विझला, डिस्क कण्हत कण्हत थांबली. मग दारातून, खोलीतून, नीट, पोरीचा आवाज आला. "बाबा? दार कुणी उघडलं?"

तिच्या हातातली पिशवी खाली पडली होती, भाजी घरंगळत होती. मी तिला मिठी मारली. आमच्यात ती पद्धत नाही. ती म्हणाली, "अहो, झालं काय तुम्हाला?" आणि मी बोलू शकलो नाही. तिला वाटलं, भरून आलं.

१०

सोमवारी डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं. घसा स्वच्छ आहे म्हणाले. पोरगी चार दिवस राहिली असती, मीच तिला हाकललं. लिहून हाकललं. जाताना विचारत होती, "दारात मला आईच्या साबणाचा वास आला. तुम्ही अजून तोच वापरता?" मी मान हलवली. मी तो वापरत नाही.

डिस्क मी बाहेर काढली. तीन स्क्रू डबीत घातले, डबी कपाटात, कपाटाला कुलूप.

पोरी, हे सगळं तुझ्यासाठी लिहितोय. मला लिहायला पाच दिवस लागले. हसू नकोस.

मी वायर ओढली तेव्हा तुझी आई दाराशी होती. तिकडे नाही, इकडच्या बाजूला. माझ्या ते नंतर लक्षात आलं. मी समजत होतो, तिला कायमची घालवली. पण कात्रीने कापलेला माल मध्येच थांबवला, तर तो कुठे राहतो? तिचा आवाज तिकडे राहिला, माझाही. चप्पल इकडे आहे. दिवसभर चट, टक. दारापर्यंत जाते, थांबते, परत येते. चार वाजता तर नेमाने. आधी दोन दिवस मला बरं वाटलं, काय लपवू? पुन्हा कळायला लागलं कुठे आहे ते. बिस्किटांचा डबा मी वरच्या फळीवर ठेवला.

मग ती कपाटाशी थांबायला लागली. तिकडे तिची सात वर्षांची पोर एकटी बसलीय. आईला दुसरं काय सुचणार?

आज सकाळी कुलूप जागच्या जागी होतं आणि डिस्क टेबलावर होती. शेजारी डबी, झाकण उघडं, तीन स्क्रू ओळीने मांडलेले. वायर मी जोडलेली नाही. मी हा कागद पुढे लिहायला बसलो आणि ती मागे येऊन उभी राहिली, मी काही उघडून बसलो की राहायची तशी. वास येतोय साबणाचा.

आत्ता माझ्या उजव्या खांद्याजवळ एक तळवा पुढे आलाय. मी फक्त तळव्याकडे बघतोय, त्याच्या मागे नाही. बोटांची टोकं टाइप करून चपटी झालेली. तळव्यावर चौथा स्क्रू आहे. तिने सांभाळून ठेवला होता.

तिला मी किती वेळ थांबवून धरू? हात मागे केल्यावर तिने मला कधी ताटकळत ठेवलं नाही.

पोरी, रविवारी येऊ नकोस. आधी फोन कर. मी उचलला आणि नुसता श्वास ऐकू आला, तर ये, भाजी आण, भांड. पण मी बोललो, नीट, खणखणीत, पूर्वीसारखा, आणि मागे कुणी सातचा पाढा म्हणत असेल, तर समज की चारही स्क्रू बसले. मग येऊ नकोस. बेल तर अजिबात दाबू नकोस. बाबा आले म्हणून तुझी आई दार उघडायला उठेल.